सात जण भारी आहेत हो, आठवा कुठे आहे?

परवा धुळ्याला आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची मॅच बघायला गेलो होतो. आपल्या तालुक्यातल्या एका कॉलेजचा संघ होता. नाव मुद्दाम घेत नाही, कारण मी जे लिहितोय ते एका कॉलेजचं दुखणं नाही. पोस्ट लांबलीये, चहा घेऊन बसा.

मध्यंतराला आपली पोरं चार गुणांनी पुढे होती. शेवटी नऊ गुणांनी हरली. गाडीत बसल्यावर जो तो म्हणत होता, "पोरांचा दम संपला." मला ते पटलं नाही. दम संपला नव्हता, माणसं संपली होती.

फॉर्मवर बारा नावं होती. सात मैदानात, पाच राखीव, हा कबड्डीचा नियम सगळ्यांना माहीत आहे. प्रत्यक्षात आलेले होते नऊ. उरलेले तिघं कुठे, म्हणून मी बाकावरच्या पोराला विचारलं, "बाकीना पोरे कथा गयात रे?" तो म्हणे, "एक सुरतले, एक चाकणले, एक नाशिकले भरतीनी अकॅडमीमा." तिघांचंही ॲडमिशन कॉलेजात आहे, फी भरलेली आहे, परीक्षेला येतील. खेळायला मात्र नाहीत.

पहिल्या हाफच्या शेवटी आपल्या डाव्या कोपऱ्याचा घोटा मुरगळला. बाकावर दोघं होते, दोघंही चढाईचे. कोपऱ्यात उभा राहील असा एकही नाही. मग काय, त्याच पोराला स्प्रे मारला, पट्टी गुंडाळली आणि दुसऱ्या हाफला परत उतरवलं. समोरच्या संघाला हे कळायला दोन चढाया लागल्या. तिसऱ्या चढाईपासून प्रत्येक जण त्याच्याच बाजूने यायला लागला. तो पोरगा एकदाही "मला बसवा" म्हणाला नाही. पण त्याने म्हणायचं कशाला? बसवायला माणूस हवा ना.

आता जुनी गोष्ट सांगतो. १९९७-९८ ला मी टीवायला होतो आणि कॉलेजच्या संघात होतो. लगेच हुरळून जाऊ नका, मी राखीव होतो. दुसरा डावा कोपरा. अख्ख्या सीझनमध्ये मिळून दहा-बारा मिनिटं खेळलो असेन. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा झालेला नव्हता, धुळे जिल्हा पार अक्कलकुव्यापर्यंत होता. संघात बारा जण, आणि संघात न आलेले आणखी पाच-सहा जण, असे सगळे रोज संध्याकाळी ग्राउंडवर. चिमठाण्याचे, बेटावदचे, विखरणचे. शेवटची एसटी गाठायची म्हणून सर साडेसहाला शिट्टी वाजवून सोडायचे.

माझा भाचा २००९-१० ला खेळला. त्यांचा संघ आमच्यापेक्षा सरस होता, हे मी मान्य करतो. निम्मा संघ एकाच गावच्या मंडळाचा, लहानपणापासून एकत्र खेळलेला. त्यांच्याकडे बाराच्या बारा खरे होते. कोपऱ्याला माणूस होता, कव्हरला होता, चढाईला चौघं होते. विशेष म्हणजे दहावा खेळाडू सातव्याच्या जागेवर डोळा ठेवून असायचा, त्यामुळे सातवा कधी प्रॅक्टिस बुडवायचा नाही.

आणि यंदाचे? सात विरुद्ध सात असे पहिले वीस मिनिटं खेळलो असतो, तर यंदाच्या पोरांनी आमच्यावर दोन लोण चढवले असते. ही पोरं भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, मॅटवर खेळायची सवय आहे. "आताची पोरं मोबाइलमध्ये गेली" हे म्हणणं सोडून द्या. सातव्या क्रमांकापर्यंत यंदाचा संघ तिन्हींत चांगला आहे. आठव्यापासून पुढे तो संघच नाही.

राखीव म्हणजे फक्त कोणी जखमी झालं तर लागणारा माणूस, असं आपण समजतो. खरं काम त्याचं रोजच्या सरावात असतं. आम्ही सोळा-सतरा जण असायचो, त्यामुळे रोज सातास सात मॅच व्हायची. आता नऊ पोरं आहेत. चारास चार खेळतात, एक जण शिट्टी फुंकतो. कबड्डीत बोनसचा गुण कधी मिळतो? समोर बचावाला सहा किंवा जास्त जण असतील तेव्हाच. म्हणजे चारास चार सरावात बोनस हा प्रकारच नाही! पोरांनी वर्षभर बोनस अडवायची प्रॅक्टिस केलेलीच नाही. परवा मी बोटांवर मोजले, समोरच्यांनी सात बोनस नेले. नऊ गुणांनी हरलो, त्यातले सात इथेच गेले. साखळीचंही तेच. कव्हर आणि कोपरा कधी एकत्र दाबायचं हे चार माणसांत शिकता येत नाही.

मोठ्या संघांचंही वेगळं काही नाही. प्रो कबड्डीत यू मुंबा पहिल्या तिन्ही हंगामांत फायनलला गेली, २०१५ ला जिंकली. २०१६ ला मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांची जोडी बंगळुरूकडे गेली. अनुप कुमार तोच, कप्तान तोच, तरी त्या चौथ्या हंगामात मुंबा सेमीफायनललासुद्धा पोचली नाही. पुणेरी पलटण १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून चॅम्पियन झाली. त्या संघात चढाईला आपला नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार होता, पण त्याच्या जोडीला पंकज मोहिते, मोहित गोयत, आकाश शिंदे असे एकापेक्षा एक. पुढच्या हंगामात अस्लम जखमी होऊन बाहेर गेला आणि पलटण पहिल्या सहातही आली नाही. लिलावात कोट्यवधी ओतणाऱ्यांची ही गत, तर आपल्याकडे वडापाववर खेळणाऱ्या पोरांचं काय होणार?

आपली पोरं लिलावात जात नाहीत, पॅसेंजरने जातात. भुसावळ-सुरत लाइन आपल्या गावातून जाते, उधना-लिंबायतला प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका-मामा आहे. त्यात स्पर्धा येतात कधी, तर कापूस वेचणीच्या तोंडावर. घरी मजूर मिळत नाही, बाप म्हणतो दोन दिवस वावरात ये. सेमिस्टर आल्यापासून दिवाळीच्या आसपास परीक्षाही तिथेच. पहिल्या सातातला पोरगा हे सगळं सांभाळून येतो, कारण त्याला खेळायला मिळणार असतं. दहाव्या क्रमांकाच्या पोराने कशासाठी यायचं? बाकावर बसायला? मजुरी बुडवून? मी त्याच्या जागी असतो तर मीही वावरात गेलो असतो. आमच्या वेळी मी बाकावर बसू शकलो, कारण वडिलांना नोकरी होती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

म्हणून कॉलेजवाल्यांना माझं सांगणं आहे. निवड चाचणी स्पर्धेच्या आठ दिवस आधी घेऊन बारा नावं भरण्यात अर्थ नाही. जुलैत घ्या, वीस पोरं ठेवा, त्यात निम्मे एफवायचे ठेवा म्हणजे पुढच्या दोन वर्षांचा संघ आत्ताच तयार होईल. खुराक आणि एसटी भाडं सात जणांना पुरेल एवढंच निघत असेल तर उरलेल्यांचं आपण गावकऱ्यांनी काढू. गणपतीच्या डीजेला किती जमतं ते सगळ्यांना माहीत आहे, आकडा लिहून भांडण लावत नाही. आणि "खेळून नोकरी लागते" हे पोरांना छातीठोकपणे सांगू नका. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी लागतं ते वरच्या स्पर्धांचं पदक. तिथवर बाकावरचा पोरगा पोचत नाही. त्याला निदान खोटं तरी सांगू नये.

एक गोष्ट मात्र कोणाच्या परवानगीशिवाय होऊ शकते. सरांशी बोललोय, त्यांची हरकत नाही. पोरं नऊ आहेत. आपण जुने खेळाडू समोर उभे राहिलो तर त्यांना सातास सात खेळता येईल, बोनस अडवायचा सराव होईल. माझं वय अठ्ठेचाळीस, गुडघा वाजतो, चढाई जमणार नाही. पण डाव्या कोपऱ्यात उभा राहू शकतो, तसाही तिथला माझा फार वापर झालेला नाही. रविवारी सकाळी साडेसहाला कॉलेजच्या ग्राउंडवर. आत्तापर्यंत आम्ही चौघं झालोय. अजून तीन पाहिजेत, त्यात एक चढाईवाला असला तर बरं. कमेंटमध्ये फक्त "येतो" लिहा, आणि लिहिलं तर या.