रोमन प्रेक्षागारे टिकली. बळसाणे टिकेल काय?

प्राचीन वास्तू दगडाच्या बळावर टिकते, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. दगड ऊन-पाऊस सोसतो, भूकंपाचे धक्केही पचवितो. परंतु माणसाची गरज आणि माणसाची उपेक्षा या दोहोंपुढे त्याचे काही चालत नाही. कोणती वास्तू राहिली आणि कोणती गेली याचा हिशेब मांडू लागले, की बांधणाऱ्यांच्या कौशल्याइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, नंतरच्या पिढ्यांच्या वर्तनाचा भाग त्यात दिसून येतो. रोमन साम्राज्याने मागे ठेवलेली लंबवर्तुळाकार प्रेक्षागारे हे याचे ठळक उदाहरण आहे. आणि साक्री तालुक्यातील बळसाणे येथील मंदिरसमूहाचा विचार करताना ते डोळ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल.

रोमचे कलोसियम इ. स. ८० मध्ये खुले झाले. जगातील या सर्वांत मोठ्या प्रेक्षागाराची आज एक बाजू उंच उभी आहे आणि दुसरी ढासळलेली आहे. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडील भाग कोसळला हे खरे. पण पडलेला दगड पुन्हा रचण्याऐवजी रोमच्या नागरिकांनी व धर्मपीठाने तो शतकानुशतके वाड्यांसाठी, पुलांसाठी आणि चर्चच्या बांधकामासाठी वाहून नेला. खास रोममध्ये रोमची ही खाण झाली. अखेर १७४९ मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने ही जागा ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मृतीस वाहिली, तेव्हा कोठे ही लूट थांबली. म्हणजे भिंती वाचल्या त्या पहारेकऱ्यामुळे नव्हे, लोकांच्या मनात त्या जागेला नवा अर्थ मिळाल्यामुळे वाचल्या.

फ्रान्समधील आर्ल येथील प्रेक्षागाराची कथा याहून विलक्षण आहे. साम्राज्य मोडल्यावर लोक संरक्षणासाठी त्याच्या भिंतींआड राहावयास गेले. मधल्या मोकळ्या रिंगणात दोनशेच्या आसपास घरे उठली, प्रार्थनामंदिरे झाली, भिंतीवर टेहळणीचे बुरूज चढले. एकोणिसाव्या शतकात ती घरे हलवून मूळ वास्तू मोकळी करण्यात आली. इटलीतील वेरोना येथील प्रेक्षागाराची बाहेरची भिंत १११७ च्या भूकंपात जवळजवळ संपूर्ण पडली, तिच्या केवळ चार कमानी उरल्या. तरीही १९१३ मध्ये वेर्दीच्या जन्मशताब्दीनिमित्त तेथे संगीतनाटकाचा प्रयोग झाला आणि महायुद्धांचे खंड वगळता ती परंपरा आजतागायत चालू आहे. क्रोएशियातील पुला येथील प्रेक्षागार तर १५८३ मध्ये दगड दगड सुटा करून व्हेनिसला नेण्याचा घाट घातला गेला होता. गाब्रिएले एमो नावाच्या एका सभासदाने सिनेटमध्ये त्यास विरोध केला आणि पुलावरचे अरिष्ट टळले. कृतज्ञ नगराने त्याच्या नावाचा शिलालेख त्या भिंतीवर बसविला. आज या सर्व ठिकाणी जगभरचे प्रवासी येतात. ज्या रिंगणात माणसे व जनावरे करमणुकीसाठी मारली गेली, ती पाहून मन प्रसन्न व्हावे असे नाही. पण स्वतःच्या क्रौर्याची खूणसुद्धा जपून ठेवण्याइतका विवेक त्या समाजांनी दाखविला, हे मान्य केले पाहिजे.

आता खानदेशाकडे वळावे. बळसाण्याची मंदिरे कोणाच्या करमणुकीसाठी नव्हे, तर उपासनेसाठी बांधली गेली. साधारणतः अकराव्या ते तेराव्या शतकांतील हा समूह कोरीव स्तंभ, नक्षीदार छते आणि चुन्यावाचून रचलेले घडीव चिरे यांसाठी ख्यात आहे. लोक त्यांना हेमाडपंती म्हणतात; वास्तविक हेमाद्री तेराव्या शतकातील असल्याने ही रीत त्याच्या नावाहून जुनी आहे. दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील हेन्री कझिन्स यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात बळसाण्याला मानाचे स्थान आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने ही मंदिरे संरक्षित घोषित केली आहेत. त्याच गावात विमलनाथाचे अर्वाचीन जैन तीर्थ असून दूरदूरचे भाविक तेथे येतात. तालुक्यातच निजामपूरजवळ भामेरचा किल्ला आणि त्यातील कातळात खोदलेली दालने आहेत. एवढे वैभव असताना साक्रीच्या शाळांच्या सहली कोणीकडे जातात? अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्या किती विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातील बळसाणे पाहिले आहे? ज्या सुरत-धुळे मार्गावर साक्री वसली आहे, त्यावरून जाणाऱ्या किती प्रवाशांना ही वाट ठाऊक आहे? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शिक्षकाने स्वतःशीच द्यावीत.

उपेक्षेचे खापर एकट्या सरकारवर फोडणे सोपे आहे. पण कायद्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा. त्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध ठरले आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत ते परवानगीच्या अधीन झाले. शहरांतील बेसुमार बांधकामांना आवर घालण्यासाठी हा नियम आवश्यक होता, यात शंका नाही. परंतु खेड्यात देवळाला लागूनच घरे असतात. मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवू पाहणाऱ्या शेतकऱ्यास जुने मंदिर हे वैभव न वाटता अडसर वाटू लागले, तर दोष त्याचा म्हणता येईल काय? भार गावाने वाहावा आणि लाभ मात्र कोणाच्याच पदरी पडू नये, अशी व्यवस्था फार काळ प्रेमाने पाळली जात नाही. प्रत्येक स्मारकासाठी स्थानिक परिस्थिती पाहून स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद याच दुरुस्तीत आहे. ते उपविधी ग्रामसभेशी बोलून, गावाला समजेल अशा मराठीत झाले, तर निम्मा संघर्ष मिटेल.

गावाने वास्तू सांभाळावी ही कल्पना काही परकी नव्हे. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. इ. स. १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापला, त्याची ही नोंद आहे. लेखाच्या अखेरीस, त्या काळच्या मराठीत, बाजारातील मालावर आणि तेलाच्या घाण्यावर मठासाठी बसविलेल्या देण्यांचा तपशील येतो. गणिताच्या मठाचा दिवा घाण्यावरच्या तेलावर जळत होता, असे म्हणावयास हरकत नाही. विद्या, वास्तू आणि पेठ यांचे हे नाते आठशे वर्षांपूर्वी खानदेशास उमगले होते.

यावर एक आक्षेप संभवतो. गर्दी वाढली की कचरा येतो, भिंतींवर नावे कोरली जातात, नारळ फुटतात, शेंदूर चढतो. त्यापेक्षा एकांतच बरा. आक्षेप निराधार नाही. परंतु एकांताचे संरक्षण हे भ्रामक असते. निर्जन जागेतून मूर्ती हलविणे सोपे जाते आणि ती गेल्याची दाद घेणारासुद्धा उरत नाही. ट्युनिशियातील एल जेमचे भव्य प्रेक्षागार कित्येक शतके आसपासच्या घरांना दगड पुरवीत राहिले, कारण ते कोणाचेच नव्हते. १९७९ मध्ये त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, पण गेलेले दगड परत आले नाहीत. संख्येवर मर्यादा आणि वर्तनाला शिस्त, हा गर्दीवरचा उपाय आहे. उपेक्षेवर तसा उपाय नाही.

करावयाच्या गोष्टी खर्चिक नाहीत. तालुक्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षातून एक दिवस बळसाण्यासाठी राखून ठेवावा. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून खानदेशाच्या इतिहासाची साधने सांभाळीत आले आहे. त्याच्या साह्याने शिक्षकांसाठी एक छोटी पुस्तिका सिद्ध व्हावी. गावातील दोन-चार तरुणांना माहितगार म्हणून तयार करावे; ते अहिराणीत बोलले तर अधिकच उत्तम. जैन तीर्थास येणाऱ्या भाविकांना जुन्या मंदिरांची वाट दाखविणारा फलक लावावा. पुलाच्या त्या सिनेट सभासदाने सैन्य उभारले नव्हते; योग्य वेळी तो फक्त बोलला होता. बळसाण्यासाठी बोलणारी माणसे साक्रीच्या वर्गांतून निर्माण व्हावयाची आहेत, आणि ज्याने ते कोरीव स्तंभ कधी पाहिलेच नाहीत तो त्यांच्यासाठी बोलणार नाही.