नवेगाव कोणते ?

गेल्या श्रावणातील गोष्ट. पावसाची झड चार दिवस लागून राहिलेली. ओटीवर पंचांग चाळीत बसलो असता एक तरुण शेतकरी भिजत दारात येऊन उभा राहिला. अंग चिंब झालेले. परंतु हातातील कागद मात्र त्याने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कोरडा ठेविला होता. वैनगंगेकाठच्या ज्या शाळेत माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली, तिच्या दाखल-खारीज रजिस्टराचा तो उतारा होता. त्याचे आजोबा इ. स. १९२९ मध्ये पहिल्या इयत्तेत दाखल झाले, त्या वेळची नोंद. मुलाचे नाव होते, बापाचे नाव होते, जन्मतारीख होती. आणि राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात वळणदार अक्षरात एकच शब्द होता : नवेगाव.

"गुरुजी, नाव आहे, पण कोणतं नवेगाव, ते कचेरीत विचारतात," तो म्हणाला.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु त्यावर त्या घराची साडेतीन एकर जमीन अवलंबून होती. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये जो आदिवासी नाही, त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपले घराणे त्या वनप्रदेशात राहत आल्याचे दाखवावे लागते. १९२९ चा कागद म्हणजे अशा घराला अक्षरशः सोन्याचे पान. परंतु त्या पानावर तालुका नव्हता, मौजाचा क्रमांक नव्हता, शेजारच्या गावाचे नावही नव्हते.

कागद पाहून मी मनात चरकलो. ते अक्षर माझे नव्हते. माझ्या जन्मापूर्वीच्या कोणा गुरुजींचे होते. पण तीस वर्षे मीही तेच केले होते. शाळा सोडल्याच्या शेकडो दाखल्यांवर मी 'पिपरी', 'बोरगाव', 'धानोरा' असे लिहून सही ठोकली, कारण मला एकच पिपरी व एकच बोरगाव ठाऊक होते. आपल्याला जे एकच ठाऊक, ते जगातही एकच, हा समज शाळामास्तरांत विशेष बळकट असतो.

वास्तविक नवेगावे आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागात एका हाताच्या बोटांवर मावत नाहीत. नागभीड तालुक्यात नवेगाव पांडव आहे, मूल तालुक्यात नवेगाव भुजला आहे, गडचिरोली शहराच्या लगत एक नवेगाव आहे, चिमूरच्या अंगाला रामदेगीचे नवेगाव होते, आणि सीमा ओलांडून गोंदिया जिल्ह्यात गेले की विस्तीर्ण तलावाचे नवेगाव बांध आहे. प्रत्येक गाव कधीतरी नवे होते, आणि ज्यांनी ते वसविले त्यांस त्याहून अधिक विशेषणाची गरज वाटली नाही.

गावांस नावे कशी पडतात, याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केलेला आहे. भगवान पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात स्थलनामांची चार कारणे सांगितली आहेत. एखादी वस्तू त्या ठिकाणी विपुल आहे, हे पहिले. कोणी ते ठिकाण वसविले, हे दुसरे. कोणाचा तेथे निवास आहे, हे तिसरे. आणि ते अमक्याच्या जवळ आहे, हे चौथे. उंबरांचा प्रदेश तो औदुंबर, कुशांबाने वसविली ती कौशांबी, शिबींचा निवास तो शैब, विदिशेनजीकचे ते वैदिश, ही वैयाकरणांची उदाहरणे. विद्यार्थिदशेत हा भाग घोकताना तो केवळ प्रत्ययांचा खटाटोप वाटला होता. पुढे चांद्याच्या रानात फिरताना कळले की पाणिनी हा व्याकरणकार तर खराच, पण पायी हिंडून गावांची नावे विचारणाऱ्याची दृष्टीही त्याला होती.

पहिल्या कारणाची गावे येथे पावलोपावली. धानावरून धानोरा, पिंपळावरून पिपरी, बोरीवरून बोरगाव, जांभळीवरून जांभुळघाट, चिंचेवरून चिचपल्ली. धानोरा हे गडचिरोलीत तालुक्याचे ठिकाण आहे. वर्धा नदीच्या काठी, चंद्रपूरहून गडचांदूरकडे जाताना, दुसरे धानोरा लागते. वऱ्हाडात आणखी किती तरी आहेत. जेथे धान पिकले तेथे लोकांनी तेच नाव ठेविले. दुसऱ्याने आधी ठेविले आहे की नाही, हे विचारावयास कोण जातो? दुसऱ्या कारणाचे ठळक उदाहरण बल्लारपूर. गोंड राजांपैकी बल्लाळशाहाचे नाव त्यात राहिले आहे. गंमत अशी की तेथे दोन गावांस एक नाव नसून एका गावास दोन नावे आहेत : गाव बल्लारपूर आणि रेल्वे स्थानक बल्लारशाह. चंद्रपूरचेही तसेच. शहराचे चांदा हे नाव सरकारी कागदांतून कधीच गेले. तथापि एका स्थानकाच्या पाटीवर ते 'चांदा फोर्ट' म्हणून टिकून आहे. तिसऱ्या कारणाने गोंडपिपरी झाली. बामणीचे नाव वाचून आमच्या वाचकवर्गाचे कान टवकारतील. पण एक बामणी बल्लारपूरजवळ आहे व दुसरी दूर सिरोंचा तालुक्यात, आणि नावावरून लगेच आपले गोत्र तेथे शोधू लागणे शहाणपणाचे नव्हे.

एका नावाची दोन गावे झाली म्हणजे ओळखीसाठी जे शेपूट जोडावे लागते, ते मला मूळ नावाहून अधिक बोलके वाटते. मूळ नाव निसर्ग सांगते. शेपूट इतिहास सांगते. चांदूर पाहा. एका चांदुराजवळ माणिकगड किल्ला, म्हणून आमचे गडचांदूर. अमरावती जिल्ह्यात एकाला बाजार लाभला, ते चांदूर बाजार. दुसऱ्याला आगगाडी मिळाली, ते चांदूर रेल्वे. किल्ला, बाजार आणि आगगाडी या तीन शब्दांत विदर्भाची तीन युगे आली. नागभीड तालुक्यातील तळोधीला शेजारचे बाळापूर चिकटले. चामोर्शी तालुक्यातील तळोधीला 'मोकासा' चिकटला. मोकासा म्हणजे सरकारी वसुलातील नेमून दिलेला वाटा. १७५१ साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे आले; त्या मराठी अमदानीतला हा शब्द सनदा निर्जीव झाल्यावरही एसटीच्या पाटीवर जिवंत आहे. चामोर्शीतच दोन मार्कंडे आहेत. एक वैनगंगेच्या उत्तरवाहिनी वळणावरील प्राचीन मंदिरांचे मार्कंडा देव, दुसरे मार्कंडा कंसोबा. यात्रेकरूने अर्धे नाव विचारले तर देव एकीकडे आणि तो भलतीकडे, असे होण्यास वेळ लागत नाही.

पाणिनीच्या चार कारणांत कचेरीने पुढे पाचव्याची भर घातली. खुर्द आणि बुद्रुक, किंवा आमच्याकडील उच्चाराने बुजरुक, हे फारसी शब्द. अर्थ धाकटे व थोरले. सावली तालुक्यात व्याहाड खुर्द व व्याहाड बुजरुक अशी जोडी आहे. परंतु कारकुनाने एकदा धाकटे म्हणून लिहिलेले गाव पुढे कितीही वाढो, कागदावर ते जन्मभर धाकटेच; एकत्र कुटुंबातील धाकट्या सुनेप्रमाणे, नातवंडे झाली तरी ! मूळ मौजातून तोडून निराळा मोजलेला तुकडा तो चक. सावलीतच चक विरखल आहे. आणि सर्वांत उदास शब्द रीठ. ज्या गावातून माणसे उठून गेली, घरे पडली, दिवा लावणारा कोणी उरला नाही, ते रीठ. तेथे माणूस नाही, पण मौजाचे नाव नकाशावर आहे. माणसे गेल्यावरही नाव जागा धरून बसते, ते असे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. युरोपात चेक लोकांच्या बोहेमिया प्रांतात तेरा-चौदाव्या शतकांत रान तोडून नवी खेडी वसविली गेली. रान साफ करणाऱ्यास जमीनदार काही वर्षे साऱ्याची माफी देत. त्या मुदतीला त्यांच्या जुन्या भाषेत जो शब्द होता, तोच खेड्याचे नाव झाला : ल्होता. आज त्या लहानशा देशात ल्होता व त्यापासून साधलेल्या नावांची तीनशेहून अधिक गावे आहेत. मग ओळखीसाठी कोणी लांब ल्होता, कोणी तांबडी ल्होता, कोणी अमक्या गावाजवळची ल्होता. आणि 'नोव्हा व्हेस' नावाचीही असंख्य खेडी तेथे आहेत. अर्थ विचाराल तर सरळ : नवे गाव !

चांद्याच्या गोंड राजांपैकी हीरशाह याच्याविषयी अशीच परंपरा सांगतात, की जो रान तोडील त्यास सनद मिळे आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन मिळे. बोहेमियातील जमीनदार आणि चांद्याचा राजा यांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. तथापि अरण्यात माणूस आणून बसवावयाचा तर त्यास काही वर्षे श्वास घेऊ दिला पाहिजे, हे दोघांनीही ओळखले. तात्पर्य, अशा खेड्यांच्या नावामागे बहुधा एक वचन असते. 'तुम्ही रान साफ करा, जमीन तुमची' असे कोणीतरी कोणाला म्हटलेले असते. म्हणूनच नाव अर्धवट लिहिणे ही नुसती लेखनातील चूक नव्हे. ते वचन कोणाला दिले होते, हेच त्यामुळे पुसले जाते.

नाव नीट असले म्हणजे काय होते, हेही पाहू. धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे गोंडांचे लहानसे खेडे आहे. मेंढा नावाची गावे या भागात अनेक. सिंदेवाहीकडे मेंढा माल, नागभीडकडे किरमिटी मेंढा. म्हणून शेजारच्या, ग्रामपंचायतीच्या गावाचे नाव जोडून यास मेंढा (लेखा) म्हणू लागले. पाणिनीचे चौथे कारण, जवळपणाचे. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावास सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशात अगदी प्रथम ज्यांना मिळाला, त्यांतील हे एक. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीनेच निर्णय करावयाचा, ही या ग्रामसभेची रीत. परिणाम असा, की ज्या लेख्याचे नाव ओळखीसाठी उसने घेतले, त्या लेख्यालाच आता दूरचे लोक मेंढ्यामुळे ओळखतात. उसने घेतलेले नाव गावाने व्याजासह फेडले म्हणावयाचे !

उलट बाजूही आहे. रामदेगीचे नवेगाव ताडोब्याच्या व्याघ्रप्रकल्पासाठी उठविले गेले व माणसांना दुसरीकडे घरे मिळाली. वाघास जागा हवी, हे खरे; तो वाद येथे नको. परंतु पूर्वी केव्हातरी नवे म्हणून वसलेल्या गावाने पुन्हा एकदा नवे व्हावे, यातील वेदना नकाशावर उमटत नाही. अशा घरातील नातवाने पन्नास वर्षांनी 'आमचे नवेगाव' म्हटले, तर ते कोणते, हे त्याला कोण सांगणार ?

असो. आमच्या तरुणाचे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावयाचे असेल. आम्ही दोघांनी नकाशा पसरला. शाळेच्या चालण्याच्या टापूत नवेगावे दोनच निघाली : एक नदीच्या अलीकडे, दीड कोसावर, दुसरे वैनगंगेच्या पलीकडे. मी त्यास म्हटले, "अरे, सहा-सात वर्षांचे पोर पावसाळ्यात वैनगंगा उतरून रोज शाळेस येईल काय ?" पाणिनीचे चौथे कारण पुन्हा धावून आले. जे जवळ, तेच खरे. पण तर्क हा पुरावा नव्हे, असे कचेरीत म्हणतील, आणि त्यांचेही चुकले नाही. सुदैवाने याच कायद्याच्या नियमांत गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून धरले आहे. अलीकडच्या नवेगावात नव्वदीच्या घरातील एक आजीबाई होत्या. त्यांनी त्या आजोबांचे घर, बांधावरचे मोहाचे झाड आणि तो मुलगा कोणाच्या पोरांबरोबर नाला ओलांडून शाळेस जाई, हे आपल्या सासूकडून ऐकलेले सर्व सांगितले. ग्रामसभेपुढे ते लिहिले गेले व त्यांनी अंगठा उठविला. दावा अद्याप वरच्या समितीपुढे आहे. पण 'कोणते नवेगाव' या प्रश्नाला आता उत्तर आहे.

आपल्या घरोघरी कुलवृत्तान्त असतात, लग्नपत्रिका जपलेल्या असतात, आडनावांच्या शेवटी 'कर' असतो. परंतु मूळ गाव वडगाव, इतके लिहून आपण थांबतो. सुज्ञ वाचकांस एवढीच विनंती, की या महिन्यात एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसून आपल्या गावाचे नाव पुरतेपणी लिहून घ्यावे : शेजारचे गाव कोणते, नदी वा नाला कोणता, तालुका पूर्वी कोणता होता व आता कोणता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून निराळा झाला. तेव्हापासून किती तरी कुटुंबांच्या कागदांत आजोबांचा जिल्हा एक आणि नातवाचा दुसरा आहे. सासुरवाशिणींनी माहेरच्या गावाचेही असेच लिहावे. ते तर सर्वांआधी विसरले जाते.

मीही आता ते काम आरंभिले आहे. माझ्या हातच्या दाखल्यांपैकी ज्यांची घरे ठाऊक आहेत, त्यांस पत्रे धाडून विचारीत असतो : बाबा, तुझी पिपरी कोणती ? आतापर्यंत अकरा उत्तरे आली. त्यांत पिपऱ्या चार निघाल्या.