सलग पाच छापे
लहानपणी गल्लीत डाव सुरू करायला नाणं नसायचं, म्हणून खापराच्या एका बाजूला थुंकी लावून ‘ओली की सुकी’ करायचो. सलग तीनदा ओली पडली की समोरचा ठासून सांगायचा, ‘आता सुकीच!’ हा समज मोठेपणीही जाता जात नाही, आणि तो साफ चूक आहे. नाण्याला मागचं काही आठवत नाही. शंभरदा उडवलं तर कुठे ना कुठे सलग पाचदा एकच बाजू पडण्याची शक्यता तब्बल ९७ टक्के असते. पण शंभर फेकी नुसत्या मनाने लिहायला सांगा, सलग पाच छापे लिहायला हात धजत नाही. १९४० साली जर्मनांनी डेन्मार्क घेतला तेव्हा दक्षिण आफ्रिकेतले गणिती जॉन केरिच तिथे अडकले. त्या स्थानबद्धतेत त्यांनी दहा हजार वेळा नाणं उडवलं. छापे पडले ५,०६७. निम्म्याहून ६७ जास्त! काट्याने आपली तूट भरून काढली नाही, काढणारही नव्हता. दहा हजारांच्या ढिगात ती दिसेनाशी झाली, एवढंच. (उडवताना वर असलेली बाजूच किंचित जास्त वेळा वर पडते, हे २०२३ साली साडेतीन लाख फेकींतून दिसलं, पण निम्म्याहून तो फरक शेकडा एकाहूनही कमी.) मटक्यात, लॉटरीत ‘इतके दिवस लागलं नाही, आता लागणारच’ म्हणून घरखर्चाचे पैसे लावणारा कुणी ओळखीचा असेल, तर त्याला शेजारी बसवून शंभरदा नाणं उडवायला लावा.