पायडल कोणतें घ्यावें?

डोंगरवाटांवर सायकल फिरविणाऱ्या आमच्या पुतण्यानें परवां पानावरच प्रश्न टाकला, “काका, पायडल सपाट घेऊं कीं बूट अडकविण्याचें?” वडीलमंडळींस भेदच ठाऊक नव्हता, तो प्रथम सांगतों.

अडकविण्याच्या प्रकारांत बुटाच्या तळाची धातूची पट्टी पायडलाच्या स्प्रिंगेंत बसते; टांच बाहेर वळविली कीं सुटते. ह्याच तत्त्वाच्या पायडलांवर १९८५ सालीं बर्नार इनोनें ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. इंग्रजींत ह्यास ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिपविरहित म्हणतात! चवड्यावरचा जुना पिंजरा गेला म्हणून हें नांव. पाय मात्र अधिकच जखडला.

खडकाळ वाटेवर धक्क्यांनीं पाय निसटत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. परंतु चढावर गाडी एकाएकीं थबकली म्हणजे टांच वळविण्याचें भान क्षणभर उशिरा येतें. मी स्वतः असा उभ्या उभ्या कोसळलों व पंधरा दिवस हात झोळींत ठेवावा लागला.

सपाट पायडलाचे खिळे नडगी ओरबाडतात (त्या खुणा वहिनींस दाखवूं नयेत). पण पाय तत्काळ जमिनीवर टेकतो. त्यावर मऊ रबरी तळाचा बूट हवा, आणि उतारावर टांच खालीं दाबण्याची संवय हवी. ही संवय नसलेला मनुष्य बूट अडकवून आपली उणीव झांकतो. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल २००७ सालीं सपाट पायडलांवरच उतारशर्यतींत जगज्जेता झाला.

पुतण्यास तूर्त सपाटच घ्यावयास सांगितलें आहे. पावसाळ्यानंतर त्यानें पुन्हा हट्ट धरलाच, तर स्प्रिंग सैल करून, अंगणांत भिंत धरून, आधीं शंभरदां पाय सोडवून दाखवावा.