कागद जुना करावा, पण खोटे सांगू नये



शिवजयंतीला आमच्या सातवीच्या वर्गाने इतिहासाचे प्रदर्शन भरवले होते. ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. दाराजवळच्या टेबलावर एक तपकिरी, चुरगळलेला कागद होता. त्याखाली चिठ्ठी होती, 'शिवाजी महाराजांनी तानाजी मालुसरे यांना लिहिलेले पत्र'. तो कागद आमच्या गटाने केला होता. त्याविषयी मला चार शब्द सांगायचे आहेत.

कागद जुना करायला काही अवघड नाही. आम्ही ड्रॉइंगचा कोरा कागद घेतला. तो कोरडा असतानाच चुरगळून परत सरळ केला, कारण ओला कागद चुरगळला की फाटतो. मग बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा करून थंड केला, ताटात ओतला आणि कागद त्यात बुडवला. चहात टॅनिन असते, त्याचा रंग कागदात मुरतो. पहिल्या वेळी आम्ही घरातला उरलेला गोड चहा वापरला होता. तो कागद चिकट झाला आणि रात्रीत त्याला मुंग्या लागल्या! दुसरा मात्र झकास जमला. सावलीत वाळवला, कडा हाताने फाडल्या आणि शेवटी बॉलपेनने मजकूर लिहिला. मेणबत्तीवर कडा जाळू या असे एक जण म्हणत होता, पण बाईंनी नको म्हणून सांगितले, ते बरेच झाले.

प्रदर्शनाच्या दिवशी एक म्हातारे आजोबा आले. त्यांनी चिठ्ठी कोणाकडून तरी वाचून घेतली. मग पायातल्या वहाणा काढल्या, दोन्ही हात जोडले आणि टेबलाला डोके टेकवले. आमच्या गटातली मुले हसू दाबत होती. मला मात्र हसू येईना. 'आजोबा, हे आम्हीच केलंय' असे म्हणायला तोंड उघडले, पण शब्दच फुटला नाही. आजोबा निघून गेले.

रात्री मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, सगळे सांगितले. आबा म्हणाले, "कागद केलास त्यात काय वाईट नाही पोरी. पण गप बसलीस, ते वाईट केलंस."

दुसऱ्या दिवशी मी त्या आजोबांच्या घरी जाऊन खरे काय ते सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मी कागदाला नाय, महाराजांना हात जोडले. पण सांगितलंस, बरं झालं."

माझ्या मैत्रिणी म्हणतात, मग बिघडले कुठे? मला वाटते, बिघडते. आज आम्ही गमतीने पत्र केले. उद्या कोणी जमिनीचा कागद असाच चहात बुडवून आणला आणि 'पणजोबांच्या वेळचा आहे' म्हणाला तर? असे जगात घडलेही आहे. १९८३ साली जर्मनीतल्या 'श्टेर्न' या साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्या म्हणून छापायला घेतल्या. त्या एका माणसाने स्वतः लिहून, पानांवर चहा ओतून जुन्या केल्या होत्या. मोठमोठे लोक फसले. पण तपासणीत त्या कागदात पांढरेपणा आणणारे असे द्रव्य सापडले, जे हिटलरच्या मरणानंतर वापरात आले होते. म्हणजे रंग फसवतो, पण कागद बोलतो.

आमचे पत्रही जाणत्या माणसाने लगेच ओळखले असते. आम्ही ते देवनागरीत लिहिले होते. त्या वेळी अशी पत्रे मोडीत लिहीत. आम्ही वर '१६७०' असा इसवी सन घातला होता. तेव्हाच्या मराठी पत्रांत इसवी सन घालीत नसत. बॉलपेनचे तर विचारूच नका! तेव्हा बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहीत.

आबांनी मला आमच्या ट्रंकेतले एक जुने मोडी पत्र दाखवले. कडा तपकिरी होत्या, पण मध्यभाग बराच उजळ होता. हवा आणि उजेड कडांना जास्त लागतो ना! आमचा कागद मात्र सगळीकडे सारखाच तपकिरी. मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. नवा कागद जुना करायला आम्ही दोन दिवस घालवले आणि घरातल्या खऱ्या जुन्या कागदाला कसर लागली होती, तिकडे कोणाचे लक्षच नव्हते.

म्हणून माझे मत असे आहे. प्रकल्पासाठी कागद जुना जरूर करावा. त्यात मजा आहे आणि शिकायलाही मिळते. पण त्याच्या दर्शनी बाजूवर 'नक्कल', इयत्ता आणि साल ठळक लिहावे. मागे लिहिले तर कोण उलटून पाहतो? नाटकात आम्ही मावळे होतो तेव्हा कोणी फसत नाही, कारण ते नाटक आहे हे सर्वांना ठाऊक असते. कागदाचेही तसेच असावे.

पालकांना एक विनंती. घरात जुने मोडी कागद असतील तर ते रद्दीत किंवा चुलीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

आमचे पत्र अजून वर्गात आहे. त्याच्यावर आता लाल अक्षरांत 'नक्कल' असे लिहिले आहे. ते थोडे कमी छान दिसते. पण आता त्याच्याशेजारी उभे राहायला मला लाज वाटत नाही.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी