जीवनसत्त्वांची गोळी : गरज कोणाला, खप कोणाकडे?

शहरातील कोणत्याही औषधाच्या दुकानात सर्वांत दर्शनी जागा आता जीवनसत्त्वांच्या डब्यांनी व्यापलेली दिसते. थकवा, केसगळती, विसराळूपणा, वारंवार होणारी सर्दी अशा प्रत्येक तक्रारीवर एकेक गोळी हजर आहे आणि तिच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठीही बहुधा कोणी मागत नाही. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हा 'क' आणि 'ड' जीवनसत्त्वांच्या व झिंकच्या गोळ्या घरोघरी पोहोचल्या. साथ ओसरली, गोळीची सवय मात्र अनेक घरांत मुक्कामाला राहिली. अशी गोळी रोज घेतल्याने धडधाकट माणसाच्या प्रकृतीत खरोखर काही फरक पडतो का, हा प्रश्न त्यामुळे वैद्यकीय राहिलेला नाही. घरखर्चाशी आणि सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाशीही तो निगडित झाला आहे.

संशोधनाने या प्रश्नाला दिलेले उत्तर गोळीच्या चाहत्यांना फारसे रुचणारे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी २०२४ साली सुमारे ३ लाख ९० हजार निरोगी प्रौढांची वीस वर्षांहून अधिक काळची माहिती तपासून प्रसिद्ध केली. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, ती न घेणाऱ्यांपेक्षा कमी असल्याचे त्यांना आढळले नाही. त्याआधी २०२२ साली, रोगप्रतिबंधक उपायांविषयी शिफारशी करणाऱ्या तेथील तज्ज्ञगटाने ८४ अभ्यासांचा आढावा घेतला होता. हृदयविकार किंवा कर्करोग टाळण्यासाठी मल्टिव्हिटॅमिन घ्यावी की न घ्यावी, हे ठरविण्याइतका पुरावा उपलब्ध नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. बीटा कॅरोटिन आणि 'ई' जीवनसत्त्व या हेतूने घेऊच नये, असे मात्र त्यांनी स्पष्टपणे बजावले.

'ड' जीवनसत्त्वाची कहाणी वेगळी नाही. अमेरिकेतच २५ हजार ८७१ जणांवर झालेल्या 'व्हायटल' या चाचणीत निम्म्या लोकांना रोज २ हजार युनिट 'ड' देण्यात आले. त्यामुळे कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे प्रमाण घटले नाही, असे २०१८ साली, तर हाडे मोडण्याचे प्रमाणही घटले नाही, असे २०२२ साली जाहीर झाले. 'क' जीवनसत्त्व नियमित घेतल्याने सर्वसामान्यांना होणाऱ्या सर्दीची संख्या कमी होत नाही. प्रौढांमध्ये सर्दीचा मुक्काम सुमारे आठ टक्क्यांनी, म्हणजे काही तासांनी, कमी होतो इतकेच. अर्थात सर्वच निष्कर्ष नकारात्मक आहेत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अमेरिकेतील १४ हजार ६४१ पुरुष डॉक्टरांवर झालेल्या चाचणीत मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण आठ टक्क्यांनी कमी आढळले होते. परंतु हृदयविकाराच्या बाबतीत त्याच चाचणीत काहीही लाभ दिसला नाही. जाहिरातींतून मिळणाऱ्या आश्वासनांच्या मानाने हे पदरी पडलेले माप फारच लहान आहे.

मग जीवनसत्त्वांची एवढी कीर्ती झाली कशी? तिचे कारण या शास्त्राच्या इतिहासात आहे. जीवनसत्त्वांचा शोध लागला तो त्यांच्या अभावातून होणाऱ्या रोगांमुळे आणि त्या शोधातील एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांना जडणारा विशिष्ट प्रकारचा पंडुरोग त्यांनी अभ्यासला. यीस्टचा अर्क आहारात दिल्याने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे 'फॉलिक अॅसिड' या नावाने ओळखले गेलेले जीवनसत्त्व. आधी बाळाच्या मज्जारज्जूत दोष आढळलेल्या मातांना पुढच्या गरोदरपणाआधीपासून तेच द्रव्य दिल्यास दोषाची पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी टळते, हे १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. इतका निर्विवाद परिणाम वैद्यकशास्त्रात क्वचितच पाहायला मिळतो.

तात्पर्य असे, की जेथे उणीव आहे तेथे जीवनसत्त्वाची गोळी औषध ठरते. उणीव भरून निघाल्यावर आणखी गोळ्या घेऊन आणखी आरोग्य मिळत नाही. 'ब' गटातील आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. जादा झालेला बराचसा अंश लघवीवाटे निघून जातो. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने त्यांचा शरीरात साठा होऊ शकतो आणि तेथून धोक्याची सुरुवात होते.

हा धोका काल्पनिक नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचविण्यासाठी बीटा कॅरोटिन देण्यात आले. १९९४ साली निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांमध्येच तो कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक असल्याचे दिसले. अशाच निष्कर्षामुळे अमेरिकेतील दुसरी चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. आपल्याकडे अधिक नित्याचा धोका आहे तो 'ड' जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्यांचा. आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडे घ्यावयाची पुडी कोणी रोज, तर कोणी वर्षानुवर्षे घेत राहतो. रक्तातील कॅल्शियम त्यामुळे वाढून मूत्रपिंडावर आघात होऊ शकतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ सालीच दिला आहे.

तथापि, अमेरिकेतील निष्कर्ष जसेच्या तसे उचलून भारतावर लादणेही चुकीचे ठरेल. तेथील आहारात मांसाचे प्रमाण मोठे आहे, दुधात 'ड' जीवनसत्त्व मिसळले जाते. 'ब-१२' हे जीवनसत्त्व मात्र केवळ प्राणिजन्य अन्नातून मिळते आणि शाकाहारी घरात त्याचा आधार दूधदुभत्यापुरताच उरतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये 'ब-१२'ची पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे झोपडपट्टीपेक्षा आणि खेड्यापेक्षाही सुस्थितीतील पांढरपेशा वर्गात ही उणीव अधिक निघाली. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये आणि वृद्धांमध्ये ती आणखी वाढते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण अशा तक्रारींमागे ती दडलेली असू शकते. अशा व्यक्तीला 'ब-१२' देणे हा शौक नव्हे, तो उपचार आहे.

परंतु याच संशोधनाचा पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. ज्या मातांच्या रक्तात 'ब-१२' कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये वयाच्या सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक दिसला, असे या गटाने २००८ साली नोंदविले. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, कार्यकारणाचा अंतिम पुरावा नव्हे. तरीही एक जीवनसत्त्व भरपूर आणि दुसरे तुटपुंजे, असा असमतोल निरुपद्रवी मानता येत नाही, एवढे त्यातून कळते. २०१८ साली सुरू झालेल्या 'अॅनिमियामुक्त भारत' मोहिमेतून किशोरवयीन मुलींना आणि स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असते. 'ब-१२' तिच्यात नाही. शाकाहाराचे आणि दारिद्र्यामुळे होणाऱ्या अर्धपोटी आहाराचे प्रमाण लक्षात घेता या सूत्राचा फेरविचार व्हावा, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

खरी विसंगती येथेच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण आधीच्या फेरीत ४८ टक्के होते, ते ५४.२ टक्क्यांवर गेले. सरकारी गोळी फुकट असली तरी तिचा पुरवठा सर्वत्र नियमित होतो असे नाही. मळमळ होते, शौचास काळे होते म्हणून अनेक जणी ती मध्येच सोडून देतात आणि त्यांना दोन शब्द समजावून सांगायला वेळ असलेले माणूस जवळ नसते. ज्यांच्या पोटात गोळी जायला हवी त्यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही आणि ज्यांना गरज नाही ते आकर्षक वेष्टनातील डबे खांद्यावरच्या पिशवीत घेऊन घरी येतात.

या बाजाराला लगाम घालणारी व्यवस्थाही दुभंगलेली आहे. तेच जीवनसत्त्व औषध म्हणून विकले तर औषध कायद्याखाली येते आणि 'आरोग्यपूरक' म्हणून विकले तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली. दुसऱ्या मार्गाने येणाऱ्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. परंतु ती बारीक अक्षरांत असते आणि जाहिरात मोठ्या अक्षरांत. नव्या औषधाला जशी रुग्णांवरील चाचण्यांनी गुणकारिता सिद्ध करावी लागते, तशी अट या डब्यांना नाही.

अशा वेळी ग्राहकाने काय करावे? गरोदर राहू इच्छिणाऱ्या व गरोदर स्त्रिया, कटाक्षाने शाकाहारी असणारे, वृद्ध, मेटफॉर्मिन घेणारे, आतड्यांचे विकार असलेले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने नेमकी उणीव शोधावी, नेमके जीवनसत्त्व घ्यावे आणि ते किती दिवस घ्यायचे हेही विचारून घ्यावे. बाकीच्यांनी डब्याचे पैसे पालेभाजी, कडधान्ये, दूध, अंडी आणि मोसमी फळे यांवर खर्च केल्यास पदरात अधिक पडेल. सततचा थकवा हा झोपेच्या अभावाचा, थायरॉइडचा, मधुमेहाचा किंवा नैराश्याचाही असू शकतो. गोळीने त्याचे निदान लांबणीवर पडले, तर वाया गेलेल्या पैशांपेक्षा तो तोटा कितीतरी मोठा असेल. आणि शासनाने लुसी विल्स यांनी नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात शिकविलेला धडा पुन्हा एकदा वाचायला हवा : उणीव कोणाची आहे हे आधी पाहावे, मग गोळी द्यावी आणि ती पोटात जाईपर्यंत पाठपुरावा करावा.