विश्लेषण : आधी उपचार की आधी पोलीस?

‘ही पोलीस केस आहे, सरकारी रुग्णालयात न्या,’ हे वाक्य जखमींच्या नातेवाइकांना आजही ऐकावे लागते. कायद्याला ते मान्य नाही.

न्यायालय काय म्हणाले?

मोटारीने धडक दिलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. अशी प्रकरणे हाताळणाऱ्या, सुमारे २० किलोमीटरवरच्या रुग्णालयात त्याला पाठवले. वाटेतच तो गेला. यावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट केले : डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य, कायदेशीर सोपस्कार नंतर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बलात्कार व अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांवर खासगी रुग्णालयांनीही तत्काळ मोफत उपचार करून पोलिसांना कळवायचे आहे. टाळाटाळ केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

‘एमएलसी’ कोण ठरवतो?

अपघात, मारहाण, विषबाधा, संशयास्पद भाजणे अशी प्रकरणे ‘मेडिको-लीगल केस’ म्हणून नोंदवायची का, हे ड्यूटीवरचा डॉक्टर ठरवतो. ‘पोलीस नकोत’ हा नातेवाइकांचा आग्रह तिथे चालत नाही.

चुकते कुठे?

उपचार होतात, पण नोंद अर्धवट राहते. रुग्णाला कोणी, किती वाजता आणले, शरीरावरील ओळखीच्या दोन खुणा, प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि प्रकार लिहायला हवा. घाईत शर्ट गोळीच्या छिद्रातूनच कापला जातो, विषबाधेत पोटातून काढलेला द्राव फेकला जातो. पुरावा तिथेच संपतो. ‘जखम किरकोळ’ एवढ्याच शेऱ्यावर पुढे वकील डॉक्टरला उलटतपासणीत घेरतो आणि पीडिताची बाजू कोसळते.

उपाय काय?

दोष एकट्या डॉक्टरचा नाही. न्यायवैद्यकशास्त्र एमबीबीएसला शिकवले जाते, पण बहुतेकांसाठी ते परीक्षेपुरतेच उरते. मध्यरात्री कॅज्युअल्टीत एकट्या इंटर्नला पोलिसांना काय कळवायचे आणि नमुना कसा सील करायचा, हे सुचत नाही. कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीने मग रुग्ण दुसरीकडे पाठवण्याची पळवाट निघते. इंटर्नशिपमध्ये किमान काही एमएलसी वरिष्ठांच्या देखरेखीखाली लिहून घेणे सक्तीचे करावे. प्रत्येक कॅज्युअल्टीत एक पानी सूचना भिंतीवर लावावी. खर्च जवळपास शून्य आहे. जखमीला उपचारही मिळायला हवेत आणि न्यायही. दोन्हींची सुरुवात त्याच टेबलावर होते.